मांजर वारंवार घराबाहेर निसटते : वाट, वेळ आणि कारण शोधून करायचा बंदोबस्त

तक्रार साधारणपणे अशी असते. दार जरा किलकिले झाले की मांजर पायांमधून सुळकन बाहेर जाते, खिडकीला जाळी लावली तर आठवड्याच्या आत तिचा एक कोपरा उचकटलेला दिसतो, आणि घरातली माणसे "दार तूच उघडे टाकलेस" म्हणून एकमेकांवर करवादत राहतात. परत आलेल्या मांजराचा कधी कान फाटलेला असतो, कधी पाय लंगडत असतो, आणि कधी ते परत येतच नाही. आमच्या परभणीच्या घरात हा प्रकार सव्वा वर्ष चालला. घरात दोन मांजरे आहेत : मनी ही तिरंगी मांजरी आणि तिच्यामागून आलेला काळू हा बोका. दोघेही गल्लीतच जन्मलेले असल्यामुळे त्यांना गल्लीची ओढ असणार हे आम्ही गृहीत धरले होते. माझ्या सासूबाईंचे मत तर पहिल्या दिवसापासून ठाम होते : "मांजर हाय ती, गाय हाय का दाव्याला बांधायला?" त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण गल्लीत कुत्र्यांची टोळी आहे, कोपऱ्यावर धान्याचे गोदाम आहे आणि गोदामात उंदरांचे औषध टाकलेले असते. या तीन गोष्टी एकत्र असलेल्या ठिकाणी मांजर मोकळे सोडणे मला पटत नाही.

त्या सव्वा वर्षात आम्ही केलेल्या उपायांपैकी निम्मे योग्यच होते, परंतु ते उलट्या क्रमाने केल्यामुळे वाया गेले. आम्ही आधी भोके बुजवत राहिलो. एक भोक बुजवले की मांजर दुसरे शोधते, कारण बाहेर जाण्याची गरज जशीच्या तशी राहिलेली असते. म्हणून आधी मांजर कधी जाते ते पाहावे, मग कोठून जाते ते पाहावे, आणि वाट बंद करण्याच्या सोबतच ते कशासाठी जाते याचा निकाल लावावा.

आधी नोंद ठेवा

स्वयंपाकघरातल्या ज्या कॅलेंडरवर आम्ही दुधाचे खाडे लिहितो, त्याच चौकोनांमध्ये मी "म" किंवा "का" असे अक्षर आणि शेजारी वेळ लिहायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी पान उलटून पाहिले तेव्हा अकरा नोंदींपैकी सात नळाला पाणी आलेल्या दिवसांच्या निघाल्या. आमच्या भागात पाणी काही दिवसांच्या अंतराने येते आणि त्याची वेळ ठरलेली नसते. पाणी आले की मोटार सुरू होते, अंगणातल्या नळापासून स्वयंपाकघरातल्या पिंपांपर्यंत पाइप ओढला जातो, आणि तो पाइप उंबऱ्यावरून जात असल्यामुळे पुढचे दार तास-दीड तास तीन बोटे उघडे राहते. सगळ्यांचे लक्ष पिंपाकडे असते. मांजराचे गळ्याखालचे हाड (कॉलरबोन) इतर हाडांना जोडलेले नसून स्नायूंमध्ये सैल असते, त्यामुळे जिथून त्याचे डोके जाते तिथून पुढचे अंगही जाते. तीन बोटांच्या फटीतून डोके जात नसले तरी पंजा जातो, आणि पंज्याने दार ओढायला मनीला कोणी शिकवावे लागले नव्हते.

उरलेल्या चारपैकी तीन नोंदी पहाटेच्या किंवा दिवेलागणीच्या होत्या. मांजर स्वभावतः याच दोन वेळांना सर्वाधिक सतर्क असते, आणि नेमक्या याच वेळी आपल्याकडे सडा घालणे, दूध घेणे, देवाला फुले आणणे यांसाठी दार सतत उघडत असते. चौथी नोंद मे महिन्यातल्या रात्रीची होती : गच्चीवर झोपायला जाताना अंथरुणांची वळकटी दारात अडली होती. हे सगळे आमच्या घराचे वेळापत्रक झाले. आपल्या घरचे वेगळे असेल, पण ते असतेच, आणि निदान महिनाभर लिहून ठेवल्याशिवाय दिसत नाही.

पाण्याच्या दिवसाचा उपाय त्यामुळे सोपा झाला. नळकारागिराकडून पुढच्या भिंतीत जमिनीलगत दोन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आरपार बसवून घेतला. पाणी भरताना पाइप त्यातून जातो आणि एरवी त्याला टोपण असते. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नसेल तर खिडकीच्या गजांमागे प्लायवूडची पट्टी बसवून तिला पाइपापुरते भोक पाडावे. याशिवाय मोटारीचे बटण दाबण्याआधी दोघांना मागच्या खोलीत खाणे द्यायचे आणि कडी लावायची असा नेम ठेवला. पाच-सहा आठवड्यांनंतर मोटारीची घरघर ऐकू आली की दोघे आपणहून मागच्या खोलीत जाऊन ताटलीपाशी बसू लागले. पाणी रात्री दोन वाजता आले तरी ताटलीत चार दाणे टाकावेच लागतात, ही या व्यवस्थेची किंमत आहे.

दार

पुढच्या दाराला जाळीचा दुसरा दरवाजा असेल तर एक बंद झाल्याखेरीज दुसरा उघडायचा नाही, हा नियम पाहुण्यांसह सर्वांना लावावा. चॅनल गेटला मात्र दुसरा दरवाजा समजू नये. त्याच्या पट्ट्यांमधून पिल्लू तर जातेच, पण काळूसारखा भरलेला बोकाही अंग चोरून जातो. गेटच्या आतील बाजूने निदान तीन फुटांपर्यंत पॉलिकार्बोनेटचा पत्रा अथवा बारीक जाळी बसवावी.

सवयींचा भाग यापेक्षा महत्त्वाचा आहे. आपण बाहेरून आलो की मांजर दारात येते आणि आपण तिथेच वाकून त्याला गोंजारतो. दार ही काहीतरी चांगले घडण्याची जागा आहे असा धडा ते त्यातून घेते. त्याऐवजी दाराशी त्याच्याकडे पाहूही नये, आठ-दहा पावले आत जाऊन ठरलेल्या चटईवर बसावे आणि तिथे लाड करावेत. बाहेर पडतानाही त्याच चटईवर खाण्याचे दोन कण टाकून मगच कडीला हात घालावा. पाण्याचा फवारा मारणे, चप्पल आपटणे हे उपाय आम्हीही करून पाहिले. त्यातून काळू दाराला नव्हे तर मला भिऊ लागला, आणि मी घरात नसताना अधिक निर्धास्तपणे पळू लागला.

कुलरची खिडकी

ही वाट मला मराठवाड्याची खास वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मार्च सरता सरता खिडक्यांना कुलर लागतात. खिडकीची जाळी काढून माळ्यावर ठेवली जाते, बाहेरच्या लोखंडी स्टँडवर पत्र्याचा कुलर चढतो, आणि खिडकी कुलरच्या तोंडापेक्षा रुंद असल्यामुळे कडेला उरलेल्या जागेत पुठ्ठा, थर्माकोल किंवा जुनी चादर कोंबली जाते. कुलरच्या गवतातून उडणाऱ्या तुषारांनी तो पुठ्ठा आठवडाभरात मऊ पडतो. आमच्याकडे पुठ्ठा वरवर जागच्या जागी होता; त्याचा खालचा कोपरा मात्र दरवाज्याच्या झडपेसारखा आत-बाहेर हलत होता आणि त्याच्या काठाला काळे केस चिकटलेले होते. काळू पंधरा दिवस त्या वाटेने ये-जा करत होता आणि आम्ही दाराला दोष देत होतो.

यावर सुताराकडून खिडकीच्या मापाची प्लायवूडची फळी कापून घ्यावी, तिच्या मध्यभागी कुलरच्या तोंडाएवढा चौकोन काढावा, दोन्ही बाजूंना ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत आणि फळी चौकटीला स्क्रूने बसवावी. तीच फळी पुढच्या वर्षी वापरता येते. दुसरी चूक जूनमध्ये होते. मृगाचा पाऊस पडला की कुलर उतरतो आणि खिडकी मोकळी होते, पण जाळी माळ्यावरच राहते. कुलर उतरवायच्या दिवशीच जाळी परत लावावी. कुलरला अर्थिंग आहे की नाही हेही एकदा वायरमनकडून पाहून घ्यावे, कारण उन्हाळ्यात मांजर टाकीतले पाणी प्यायला जाते आणि पत्र्यात उतरलेला करंट माणसाइतकाच त्यालाही घातक असतो.

जाळी, भिंत आणि माळवद

बाजारात सर्वात स्वस्त मिळते ती नायलॉनची कबुतरजाळी. ती कबुतरांसाठी ठीक आहे. मांजर ती दाढेने कापते, आणि आपल्याकडच्या उन्हात ती लवकर ठिसूळ होते. आमची जाळी दुसऱ्या उन्हाळ्यात बोटाने तुटू लागली. डासांची फायबर जाळी नखांनी फाटते. हिरवी शेडनेट तर मांजराला चढायला शिडीच वाटते. टिकते ती एक इंच चौकोनांची जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डमेश जाळी, तीही लाकडी अथवा लोखंडी चौकटीत बसवून, भिंतीत गिट्ट्या ठोकून स्क्रूने आवळलेली. नुसत्या खिळ्यांवर अडकवलेली जाळी एका कोपऱ्यातून सुटते आणि मांजर तोच कोपरा रोज तपासते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी बाल्कनीकडे दुर्लक्ष करू नये. मांजर हवेत अंग वळवून पायांवर उतरते हे खरे असले तरी उंचावरून पडल्यावर जबडा, छाती आणि पाय मोडतातच.

अंगणाची पाच फुटी भिंत मांजराला अडवत नाही, कारण निरोगी मांजर जागच्या जागी तेवढी उडी सहज घेते. भिंतीची उंची वाढवण्यापेक्षा तिच्या माथ्यावर आतल्या बाजूला झुकलेली दीड-दोन फुटांची जाळी लावावी. मांजर भिंतीवर चढून वर पाहते तेव्हा डोक्यावर छत येते आणि ते मागे फिरते. दुसरा मार्ग म्हणजे भिंतीच्या माथ्यावर तार ताणून तिच्यावर सैल फिरणारे पीव्हीसी पाइप ओवणे. पंजा ठेवला की पाइप गरकन फिरतो आणि पकड मिळत नाही. काचा मात्र लावू नयेत. काचांनी मांजर थांबत नाही, फक्त पंजा चिरून घेते. भिंतीलगत उभी केलेली मोटारसायकल, पाण्याचा ड्रम आणि पेरूची फांदी यांचा जिन्यासारखा उपयोग होतो, हे मला काळूने दाखवून दिले.

जुन्या वाड्यांची गोष्ट वेगळी आहे. धाब्याच्या घरांची माळवदे एकमेकांना भिडलेली असतात, आणि एकदा माळवदावर गेलेले मांजर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उतरू शकते. तिथे संपूर्ण घर बंदिस्त करण्याच्या भरीस पडू नये. अंगणाचा किंवा ओसरीचा एक कोपरा चारही बाजूंनी आणि वरून जाळीने बंद करून त्याला घरातल्या खिडकीतून वाट द्यावी. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि माणूस उभा राहू शकेल इतका उंच कोपरा दोन मांजरांना पुरतो. त्यात दोन फळ्या वेगवेगळ्या उंचीवर ठोकाव्यात आणि दुपारी सावली राहील अशी सोय करावी.

ते जाते कशासाठी?

नसबंदी झालेली नसेल तर आधी ती करावी. बाकीचे सर्व उपाय तोपर्यंत अर्धवटच राहतात. मनी सहा महिन्यांची होण्याआधीच माजावर आली. ती जमिनीवर लोळत होती, रात्रभर ओरडत होती, आणि आम्ही तिला पोटदुखीचे औषध शोधत होतो. काही मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येतात. माज साधारण आठवडाभर राहतो, गर्भ राहिला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो, आणि राहिला तर सुमारे नऊ आठवड्यांनी पिल्ले होतात. त्या काळात मांजरीला घरात ठेवणे म्हणजे पाणी मुठीत धरण्यासारखे आहे. बोक्याचे भटकणे, भांडणे आणि कोपऱ्यांत उग्र वासाची धार मारणे शस्त्रक्रियेनंतर बहुतेक वेळा कमी होते, पण तो दुसऱ्याच दिवशी शांत होईल अशी अपेक्षा धरू नये. फरक पडायला काही आठवडे लागतात आणि तेवढे दिवस तो माजावरील मांजरीला गाभण करू शकतो. मराठवाड्यात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये परभणी आणि उदगीर येथे आहेत. त्यांची चिकित्सालये अथवा शहरातील खासगी पशुवैद्य यांच्याकडे चौकशी करावी. मांजराला भूल देण्याचा नेहमीचा सराव आहे का, हे आधी स्पष्ट विचारावे. आपल्याकडे दवाखान्यापुढची रांग बहुतांशी गुरांची असते, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. त्याच फेरीत रेबीजची लसही विचारून घ्यावी.

दुसरे कारण मला बऱ्याच उशिरा कळले. मनी नसबंदीनंतरही अधूनमधून निसटायची, पण दहा-पंधरा मिनिटांत परत यायची आणि तिच्या पंज्यांना बारीक वाळू लागलेली असायची. शेजारी बांधकाम चालू होते. ती तिथल्या वाळूच्या ढिगावर शौचाला जात होती, कारण घरात दोन मांजरांना मिळून आम्ही एकच टब ठेवला होता आणि तो धुण्याच्या मशीनशेजारी होता. मांजरांच्या संख्येपेक्षा एक टब अधिक असावा, ते एकमेकांपासून दूर आणि शांत जागी असावेत, आणि खाण्यापाशी तर नसावेतच. आम्ही त्याच ढिगातली दोन घमेली वाळू मागून आणली, चाळली आणि तीन पसरट टबांत भरली. मनीची ही फेरी चार दिवसांत बंद झाली. मैला रोजच्या रोज काढावा : त्यात टोक्सोप्लाझ्मा या परजीवी सूक्ष्मजीवाची अंडी असल्यास ती संसर्गक्षम व्हायला निदान एक दिवस लागतो, आणि रोजच्या सफाईने तो धोका बराच टळतो. घरात गर्भवती स्त्री असेल तर हे काम तिच्याकडे देऊ नये. बोका टबात वारंवार बसतो, कुंथतो आणि थेंबभरही लघवी होत नाही असे दिसले तर ती घाण करण्याची खोड समजू नये. मूत्रमार्ग अडलेला असू शकतो आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे नेणे आवश्यक असते.

तिसरे कारण भूक आहे, आणि ती पोट भरलेले असतानाही राहू शकते. आपल्याकडे मांजराला दूध-भाकरी घालण्याची रीत आहे. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही, आणि भाकरीतून त्यांना टॉरिन मिळत नाही. टॉरिन हे मांस-मासळीत असणारे द्रव्य मांजराचे शरीर स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही, आणि ते कमी पडले तर हृदय आणि डोळे बिघडतात. दूध-भाकरीवरचे मांजर म्हणूनच शेजाऱ्यांच्या उकिरड्यावर आणि गोदामातल्या उंदरांवर जाते. ब्रिटनमधील एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भरपूर मांसाचा आहार दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली, आणि रोज पाच-दहा मिनिटे खेळवलेल्या मांजरांची २५ टक्क्यांनी. माळकरी घरांमध्ये येथे खरी अडचण येते. आमचेही घर माळकरी आहे. सासूबाईंशी तडजोड अशी झाली की टॉरिन घातलेले तयार कोरडे खाद्य आणायचे, त्याचा डबा आणि ताटल्या मागच्या खोलीत वेगळ्या ठेवायच्या, आणि त्या स्वयंपाकघराच्या मोरीत घासायच्या नाहीत. मांजराला शाकाहारी करण्याचा आग्रह मात्र धरू नये, मग त्यामागचा भाव कितीही सात्त्विक असो.

खेळाला खर्च लागत नाही. ज्वारीच्या धाटाला हातभर सुतळी आणि तिच्या टोकाला पीस बांधावे, दिवेलागणीला आणि झोपण्यापूर्वी दहा मिनिटे ते जमिनीवरून सरपटवावे, थांबवावे, कपाटाआड लपवावे, आणि शेवटी मांजराला पकडू द्यावे. पकडल्यावर लगेच खाणे द्यावे, म्हणजे दबा, झडप, पकड आणि भोजन हा त्याचा क्रम पूर्ण होतो आणि ते अंग चाटून झोपते. लेझरच्या ठिपक्यात पकडायला काहीच नसते, त्यामुळे मांजर उलट चिडते. खेळ झाला की सुतळी उचलून ठेवावी. गिळलेला दोरा किंवा मांजा आतड्यात अडकतो; त्याचे टोक तोंडातून वा गुदद्वारातून दिसले तरी ओढू नये.

सगळे बंद केल्यावरचा पहिला महिना

वाट बंद झाल्यावर मांजर आधी अधिक ओरडते. काळूने नऊ रात्री दारापाशी गळा काढला, आणि नवव्या रात्री माझा भाऊ उठून दार उघडणार होता. तसे केले असते तर नऊ रात्री ओरडले की दार उघडते, एवढेच तो शिकला असता. या काळात ओरडण्याला उत्तर देऊ नये, पण दिवसाचा खेळ वाढवावा आणि उंचावर जागा करून द्यावी. देवळी, फडताळाचा माथा, माळ्याची कड, यांपैकी एखाद्या ठिकाणी गोणपाट अंथरून दिले तर मांजर तासन्तास तिथून गल्ली न्याहाळते. खिडकीबाहेर परका बोका येऊन बसत असेल तर मात्र खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला कागद चिकटवावा. समोर बोका दिसत राहिला की आतले मांजर शांत राहत नाही.

घरात अधिक वेळ राहणाऱ्या मांजराला घरातलीच काही द्रव्ये घातक ठरतात. काळ्या फिनाईलने फरशी पुसू नये, कारण त्यातील फिनॉलचे विष मांजराच्या यकृताला नीट उतरवता येत नाही आणि मांजर पंजे चाटत असल्यामुळे ते थेट पोटात जाते. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनयुक्त थेंब मांजराला कधीही लावू नयेत. ब्रोमॅडिओलोनसारखे उंदरांचे औषध रक्त गोठू देत नाही, आणि ते खाल्लेला उंदीर खाल्ल्यानेही मांजराला बाधा होते. लक्षणे काही दिवसांनी दिसतात, म्हणून शंका आली की वाट न पाहता दवाखाना गाठावा. पारा ४२ अंशांवर गेलेल्या दुपारी मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर तो उष्माघाताचा इशारा समजून अंग साध्या पाण्याने ओले करावे, वारा घालावा आणि पशुवैद्याकडे न्यावे.

तरीही निसटलेच तर

मागे धावू नये आणि मोठ्याने हाका मारू नयेत. घरात वाढलेले मांजर बाहेर गेल्यावर सहसा लांब जात नाही, जवळच कुठेतरी अंग आकसून बसते आणि ओळखीच्या आवाजालाही उत्तर देत नाही. हरवलेल्या मांजरांविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरे ५०० मीटरच्या आत मिळाली होती. म्हणून आधी आपल्या भिंतीला लागून असलेली जागा बोटाने चाचपावी तशी शोधावी : जिन्याखालची अडगळ, गाड्यांच्या खाली, रिकामे ड्रम, शेजारच्या पऱ्हाट्यांचा ढीग, कडब्याची गंजी. रात्री अकरानंतर गल्ली शांत झाली की बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरून फिरावे, म्हणजे अंधारात डोळे चमकतात. दारापाशी त्याचे अंथरूण ठेवावे. ज्या डब्यात खाद्य ठेवतो तो रोज खाण्याआधी खुळखुळवण्याची सवय आधीपासून लावलेली असेल तर तो आवाज या वेळी उपयोगी पडतो. हरवल्यावर प्रथमच खुळखुळवून उपयोग नाही. गळ्यातला पट्टा ताण पडताच सुटणारा असावा, नाहीतर तोच फांदीला अडकून फास होतो, आणि त्यावर फोन क्रमांक लिहिलेला असावा.

मनी मागच्या मे महिन्यात निसटली तेव्हा आम्ही दोन दिवस रेल्वे स्टेशनच्या बाजूला शोधत होतो, आणि ती चार घरे सोडून अर्धवट बांधलेल्या घरात सिमेंटच्या पोत्यांमागे बसलेली होती. तिसऱ्या रात्री बॅटरीच्या उजेडात दोन हिरवे ठिपके दिसले. मी हाक मारली तर ती आणखी मागे सरकली. मग मी जमिनीवर बसून डबा दोनदा हलवला आणि अर्धा तास काहीच केले नाही.

परत आलेल्या मांजराला लगेच आंघोळ घालू नये. पाणी आणि थोडे खाणे देऊन त्याला एका खोलीत ठेवावे, केसांखाली बोटे फिरवून चाव्याच्या बारीक जखमा शोधाव्यात, आणि जखम आढळली तर रेबीजच्या लसीची तारीख घेऊन दवाखान्यात जावे. झटापटीत ते आपल्याला चावले असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन आपणही डॉक्टरांना दाखवावे. घरात दुसरे मांजर असेल तर त्या दोघांना एक-दोन दिवस समोरासमोर आणू नये, कारण बाहेरून आलेल्याच्या अंगाला परका वास लागलेला असतो. काळूने मनीवर चक्क फिसकारले. तिचे गोणपाट त्याच्या जागेवर आणि त्याचे तिच्या जागेवर असे दोन दिवस अदलाबदल करून ठेवल्यावर तो तिच्या कानामागे चाटू लागला, आणि मग मधले दार उघडले.